कारण सांगावं लागत नाही

“मॅम, आमच्या रिपोर्टप्रमाणे तुमच्या मुलाला मदतीची गरज आहे. ही मदत थांबवण्याचं कारण काय लिहू?”

फोनवरच्या मुलीने हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की विमानात चहा घेणार की कॉफी असंच विचारते आहे असं वाटावं. मी फोन बंद केला. रागाने नव्हे, बोट आपलं आपणच त्या लाल खुणेवर गेलं. मग ओट्यापाशी तशीच उभी राहिले. कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली, गॅस बारीक करायला हवा हे कळत होतं, पण हात फोनवरून निघेना, जणू काढला तर तो वाजेल आणि तोच प्रश्न तशाच गोडीने पुन्हा विचारला जाईल. बाहेरच्या खोलीत तन्मय खिडकीच्या जाळीला कपाळ टेकून उभा होता. या परदेशातल्या शहरात, पुंगोलच्या आमच्या इमारतीसमोरून एलआरटी जाते. ड्रायव्हर नसलेली, खेळण्यातल्यासारखी छोटी गाडी, वळसा घालून पुन्हा पुन्हा त्याच स्टेशनात येणारी. गाडी दिसायच्या आधीच तन्मयला ती कळते. कशी, ते मला ठाऊक नाही. त्याच्या टाचा उचलल्या जातात, खांदे कानांपर्यंत येतात, दोन्ही हात फडफडतात, आणि गाडी गेली की सगळं एकदम खाली येतं, हवा काढून घेतल्यासारखं. मी हल्ली त्याला पाठमोराच बघते. मागून बघितलं तर तो कुठल्याही अडीच वर्षांच्या मुलासारखा दिसतो, गाड्यांचं वेड असलेल्या.

कारण सांगावं लागत नाही, हे मला माहीत होतं. करारासोबत एक वेगळं पान जोडलेलं होतं, ते जोडावंच लागतं असा इथला नियम आहे: कुणी घरी येऊन तुमची सही घेऊन गेलं, तर मन बदलायला तुम्हाला कामाचे पाच दिवस मिळतात, शनिवार-रविवार सोडून. तेवढ्यात कळवलं की सही केलीच नव्हती असं समजायचं. दर महिन्याला कार्डावरून पैसे जाणार नाहीत, दर महिन्याला येणारी खेळण्यांची पेटी येणार नाही, दर आठवड्याला तन्मयला बोलतं करायला येणारी बाई येणार नाही. सुबोधने ते पान गेल्या सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या, बूट काढता काढता, मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. “विदाउट गिव्हिंग एनी रीझन. वाचलंस का? सरकारने खास तुझ्यासाठी केलेला दिसतोय हा कायदा.” मग म्हणाला, एम.एस्सी. झालेली बाई तू, फुगे लावलेल्या टेबलापाशी कुणी तुला गाठतं आणि तू त्याला घरी बोलावतेस. उद्या सकाळी उठून पहिलं काम हे कर. रागावला असता तर एक वेळ बरं झालं असतं. तो हसत होता, आणि हसता हसता त्याने तन्मयला उचललं, वर उडवलं, झेललं, तन्मय खिदळला, आणि सुबोधने माझ्याकडे असं पाहिलं की बघ, हा बघ, हसतोय की नाही. ती उद्याची सकाळ गेली. तिच्यानंतरच्याही गेल्या. रद्द करायचं म्हणजे तन्मयला काही झालेलं नाही असं म्हणायचं, आणि न करायचं म्हणजे झालंय असं म्हणायचं. मला दोन्ही म्हणता येत नव्हतं. आज मुदतीचा शेवटचा दिवस होता.

फुग्यांचं टेबल मॉलच्या तळमजल्यावर होतं. सुबोध वर सुपरमार्केटच्या रांगेत होता आणि मी तन्मयची प्रॅम ढकलत एसीच्या गार हवेत वेळ काढत होते. टेबलावर बक्षिसांचं एक चक्र होतं, रंगीत पुठ्ठ्याचं. तन्मय प्रॅममधून सुटला तो थेट तिकडे. बाकीची मुलं चक्र फिरवत होती, बाणाकडे बघत होती, मग आईकडे बघून ओरडत होती. तन्मय खाली बसला, मान तिरकी केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून चक्राची कड बघत राहिला. थांबलं की बोटाने ढकलायचा. टेबलामागे पॉलिन होती. पन्नाशीची, केस आखूड कापलेली, गळ्यात लहान मुलांना बोलतं करणाऱ्या एका संस्थेचा बिल्ला अडकवलेली बाई. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे बघून मग माझ्याकडे बघितलं होतं आणि मधे हसलं नव्हतं. तपासणी मोफत आहे, घरी येऊन करतो, सोमवारी मोकळ्या आहात का, असं तिने विचारलं तेव्हा मी लगेच पत्ता दिला. सुबोध पिशव्या घेऊन खाली आला तेव्हा माझ्या हातात एक पिवळा फुगा होता, आणि तो माझ्या हातात कसा आला हे मला सांगता आलं नसतं.

सोमवारी ती आली, चपला दाराबाहेर काढल्या, चहा नको म्हणाली, साधं पाणी मागितलं आणि जमिनीवरच मांडी घालून बसली. पिशवीतून ठोकळे काढले, एक बाहुली, एक इवलासा कप. बाहुलीला पाणी पाजून दाखवलं. तन्मयने बाहुलीकडे पाहिलं नाही, कपाकडेही नाही. ठोकळे मात्र एका रेषेत लावत भिंतीपर्यंत नेले. मग पॉलिन मला म्हणाली, मम्मी, तुम्ही सांगा. आणि मी सांगितलं. किती वेळ बोलत होते कोण जाणे. आमच्या सांगलीच्या घरात अशुभ काही तोंडातून काढायची सोय नव्हती. वास्तू तथास्तु म्हणत असते, केव्हा म्हणेल त्याचा नेम नाही, असं आईचं म्हणणं. परीक्षेच्या दिवसांत ‘मी नापास होणार’ म्हटलं की ती कणकेच्या हाताने धावत येऊन माझं तोंड दाबायची. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, पुण्याला औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी केली, असल्या गोष्टींना हसायला शिकले, आणि मूल झाल्यावर एका दिवसात परत तिथेच जाऊन पोचले. तन्मयबद्दल मला जे वाटत होतं ते मी घरात मराठीतून एकदाही म्हटलं नव्हतं. मनातसुद्धा पूर्ण वाक्य करत नव्हते. अर्ध्यावर आणून सोडून द्यायचे. ही वास्तू खरं तर भाड्याची, मालक इथले चिनी, दारावर त्यांनी चिकटवलेला लाल कागद अजून तसाच आहे. हिला मराठी कळत असेल की नाही असा विचार येऊन मला कधी कधी हसूही यायचं. पण विषाची परीक्षा कोण घेणार? इंग्रजीत मात्र ते सगळं दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल असल्यासारखं झालं. डझ नॉट पॉइंट. लॉस्ट हिज वर्ड्‌स. हाक मारली तर वळत नाही. काही हवं असलं की माझा हात धरून नेतो, पण हातच नेतो, चमचा न्यावा तसा, मला नाही. छोटी छोटी, स्वच्छ, कागदी वाक्यं. मी घडाघडा बोलत होते आणि पॉलिन मान हलवत लिहीत होती. शेवटी तिने पेन पुढे केलं आणि मी सही केली. तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर, हलकं वाटलं. ताप उतरताना घाम येतो तसं.

शब्द होते त्याच्याकडे. दीड वर्षाचा असताना ‘काऊ’ होता. खालच्या गवतात साळुंक्या दिसल्या तरी काऊच. ‘मंमं’ होतं. ‘बाबा’ होतं. बूट घातले की ‘भूर’ होतं, आणि भूर म्हणताना तो लिफ्टच्या दिशेने बोट करायचा. मग ते गेले. शब्द येतो तेव्हा घरात केवढा गाजावाजा होतो, व्हिडिओ निघतात, सांगलीला पाठवले जातात, आत्या-माम्या अंगठे दाखवतात. शब्द जातो तेव्हा काहीच आवाज होत नाही. ‘काऊ’ कधी गेला ते मला माहीतच नाही. एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत ऐकला नाही. ‘भूर’ मी सांभाळून ठेवायचा प्रयत्न केला. दिवसातून कितीदा तरी उगाच त्याला बूट घालायचे, दारात उभी राहायचे, कुठे जायचं राजा, म्हण ना, भू... तो माझ्या ओठांकडे बघायचा, ओठ हलतायत म्हणून, मग खाली बसून बूट काढून टाकायचा. जुने व्हिडिओ मी आता लावत नाही. एकदा लावला होता, तर स्वतःच्याच आवाजातला ‘काऊ’ ऐकून तो खोलीच्या दुसऱ्या टोकाहून धावत आला, माझ्या हातून फोन घेतला, कानाला लावला, उलटा करून मागे बघितलं आणि मला परत दिला. फोन परत देताना त्याचा चेहरा एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा दिसला होता.

कुणापाशी नुसतं सूतोवाच केलं तरी सगळे मला समजावायला लागतात. आई म्हणते, तुझा धाकटा मामा चार वर्षांचा होईतो मुका होता, आता कोर्टात उभा राहिला की पुरे म्हणायला जज्जांना हात जोडावे लागतात. मेधा, पलीकडच्या इमारतीतली, तिचा नवरा आणि सुबोध एकाच कॉलेजचे, ती म्हणते घरात मराठी, खाली इंग्लिश, लिफ्टमध्ये चिनी, एवढं सगळं कानावर पडल्यावर पोरं गोंधळणार नाहीत तर काय गं. तिची इरा तन्मयहून वर्षाने मोठी. मागच्या महिन्यात खाली खेळायच्या जागेत ती माझ्याजवळ आली आणि कमरेवर हात ठेवून, हा माझ्याशी मैत्रीच करत नाही अशी तक्रार इथल्या इंग्रजीत केली, “आंटी, ही डोन्ट फ्रेंड मी लाह.” मेधाने तिला दटावलं. मग आम्ही दोघी घसरगुंडीकडे बघत बसलो, आणि जरा वेळाने मेधाने विषय काढला चकलीच्या भाजणीचा. इथल्या तांदळाने ती कशी मऊ पडते, पुढच्या खेपेला सासूबाईंकडून भाजणीच कशी मागवायला हवी. मेधा एरवी विषय बदलणाऱ्यातली नाही. तिने तेव्हा नेहमीसारखी थट्टा केली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

आणि सुबोध. सुबोध चांगी बिझनेस पार्कात काम करतो. त्याची कंपनी दुसऱ्या देशातल्या कंपन्यांची ॲप चालवते, व्यायामाची, सिनेमांची, जेवणाच्या डब्यांची, दर महिन्याला पैसे कापले जातात तसली सगळी. माणूस आत कसा येईल ते दुसरा गट बघतो. आलेला माणूस बाहेर कसा जाणार नाही ते सुबोधचा गट बघायचा. एकदा जेवताना त्याने मला ते सगळं रंगवून सांगितलं होतं: बाहेर पडायचं बटण कसं लपवायचं, सापडलंच तर त्याच्यापुढे आणखी एक पडदा कसा उभा करायचा, त्याच्यामागे आणखी एक. आता तिथल्या सरकारने डोळे वटारलेत, आत येणं जितकं सोपं तितकंच बाहेर पडणं सोपं पाहिजे म्हणतात, त्यामुळे इतकी वर्षं बांधलेल्या भिंती आम्हीच पाडत बसलोय, असं म्हणून तो स्वतःवरच हसला होता. मी विचारलं, लोकांना थांबवायला सगळ्यांत जास्त उपयोग कशाचा व्हायचा? फुकटच्या महिन्याचा? तो म्हणाला, “छे. कारण विचारण्याचा. फक्त ‘का’ एवढंच विचारायचं आणि खाली मोकळी चौकट ठेवायची. निम्मे तिथूनच परत फिरतात. स्वतःचं कारण लिहून बघितलं की ते त्यांनाच पटेनासं होतं.” तेव्हा मला गंमत वाटली. नंतर एकदा दोरीवरचे कपडे काढताना लक्षात आलं की तो माझ्याशीही तेच करतो. मुद्दाम करत नसेल. हाताला लागलेली सवय. मी म्हणायचे, सुबोध, मला तन्मयचं जरा... आणि तो फोन बाजूला ठेवून, माझ्याकडे पूर्ण वळून विचारायचा, का वाटतं तुला असं? नेमकं काय झालं? एखादं उदाहरण दे. मी तोंड उघडायचे, आणि उदाहरण ओठांवर येईपर्यंत इतकं बारीक होऊन जायचं, की तन्मयने ताटली जमिनीवर भोवऱ्यासारखी फिरवली, किंवा मी पडले तेव्हा त्याने वळून बघितलं नाही, एवढंच काहीतरी उरायचं. मुलं ताटल्या फिरवतातच. मी परत फिरायचे.

प्रयोगशाळेत आम्ही औषधांच्या नमुन्यांत जंतू वाढतात का ते बघायचो. काचेच्या बशीत नमुना पसरायचा, ऊब द्यायची, आणि वाट बघायची. मुदत संपेपर्यंत मत बनवायचं नाही, हा तिथला पहिला धडा. घाईने बघणाऱ्याला जे बघायचं असतं तेच दिसतं. गेला आठवडा मी तसाच काढायचा ठरवला. सरकारने मला माझं मन बदलायला दिवस दिले होते, ते मी माझ्या मुलाची परीक्षा घेण्यात घातले, आणि परीक्षा चालू आहे हे त्या पोराच्या गावीही नव्हतं. मंगळवारी आंघोळीच्या वेळी पाणी डोळ्यांत गेलं आणि त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं; मी ओल्या हाताने फोन घेतला, रद्द करायला. नंबर लावेपर्यंत तो नळाच्या धारेकडे बघत होता आणि मी चार वेळा हाक मारली तरी बघतच राहिला, फोन ठेवला. एकदा त्याच्यामागे स्टीलचं पातेलं आपटलं. तो वळला, पातेल्याकडे. कान चांगले आहेत. मग एक दिवस मी घराबाहेर गेले. इथे प्रत्येक घराला लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं आणखी एक दार असतं. लाकडी दार उघडं ठेवलं, जाळी ओढून घेतली आणि व्हरांड्यात भिंतीआड उभी राहिले, त्याला मी दिसणार नाही, मला तो दिसेल अशी. त्याने मान वर करून खोलीभर बघावं, रडावं, जाळीशी यावं, एवढंच मला हवं होतं. आपलं मूल रडावं म्हणून मी देवाचं नाव घेत होते. तो ठोकळे लावत राहिला. एक संपला की दुसरा. शेजारची म्हातारी भाजीची ढकलगाडी घेऊन आली, मला बघून थांबली, चावी आत राहिली का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. ती जायला तयार होईना, मुलगा घरी आहे, त्याला बोलावते, कुलूप काढून देईल, म्हणत राहिली, आणि मी घामाने भिजून, नको आंटी, येतीलच आता माझे मिस्टर, म्हणत उभी. आत तन्मय एकदा हसला. ठोकळ्यांकडे बघून.

गॅस मी मधेच कधीतरी बंद केला असावा; कुकरची वाफ पार उतरली होती तेव्हा मी भानावर आले. घड्याळाकडे बघितलं, त्यांचं ऑफिस बंद व्हायला थोडा वेळ होता. पुन्हा फोन लावायचा धीर नव्हता, पण त्या पानावर लिहिलं होतं की लेखी कळवलं तरी चालतं. मी फोनवर तो रिपोर्ट शेवटचा उघडला. रंगीत पट्ट्या, त्यातल्या बऱ्याच लाल, वर एका हसऱ्या बाळाचं चित्र, आणि लाल पट्ट्यांच्या खाली, तुमच्या बाळासाठी आमची सर्वांत आवडती योजना. हा कागद कशाच्याच कामाचा नाही हे मला कळत होतं. मी स्वतः रिपोर्ट लिहिलेत, कशाला रिपोर्ट म्हणतात ते मला माहीत आहे. पण साऱ्या जगात एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं की मला जे दिसतं ते आहे. कायदा मला या लोकांपासून सोडवत होता, आणि माझं म्हणणं मान्य करणारे तेवढेच होते. मी एक ओळ लिहिली: मी माझा करार रद्द करते आहे. ‘कारण’ असा शब्द हातातून उमटला तो खोडला. ‘क्षमस्व’ही खोडलं. पाठवून दिलं. उत्तर लगेच आलं, माणसाचं नव्हे, यंत्राचं: रद्द झाल्याची नोंद घेतली आहे, आपल्या पाल्याची सर्व माहिती नियमाप्रमाणे काढून टाकण्यात येईल. कुणी थांबवलं नाही. कुणी विचारलं नाही. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि आता मला पाय खाली टेकत नसल्यासारखं होत होतं.

थोड्या वेळाने पॉलिनचा फोन आला, तिच्या स्वतःच्या नंबरवरून. मागे मॉलचा गजबजाट होता. रद्द केलंत म्हणून कळलं, ती म्हणाली. तुमचा हक्क आहे, फक्त त्या दिवशी मी ठेवून गेले ती पहिली पेटी उघडू नका, परत न्यायला माणूस येईल. आवाजात राग नव्हता, थकवा होता. तिचंही यात काहीतरी बुडालं असणार. ती फोन ठेवणार तेवढ्यात मी तिला विचारलं. आता आपल्यात व्यवहार उरला नाही म्हणून विचारते, म्हटलं. त्या दिवशी तुम्हाला खरंच काही दिसलं होतं, की तुम्ही सगळ्याच आयांना तसं सांगता?

ती म्हणाली, “सगळ्यांना सांगते, डियर. माझं कामच आहे ते.” आणि पुढे, “पण तुम्हाला मी काय सांगितलं? आठवून बघा. मी काहीच बोलले नाही. तुम्ही सांगत होतात, मी लिहून घेत होते. पान पुरेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं.” तिकडे कुणीतरी तिला हाक मारली, चिनीत. ओके लाह, बाय, म्हणून तिने फोन ठेवला.

सुबोध आला तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. इथे संध्याकाळ रेंगाळत नाही. खिडकीतलं आभाळ करडं होतं आणि बघता बघता समोरच्या इमारतींतले चौकोन उजळतात. त्याने लॅपटॉपची बॅग कोचावर टाकली, झालं का कॅन्सल म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. शाब्बास, म्हणाला, काही कटकट केली का त्यांनी? नाही म्हटलं. तन्मय त्याचे पाय ओलांडून पलीकडे गेला, फरशीची रेघ पकडून, आणि सुबोध त्याला उचलायला वाकला आणि उचलता उचलता थांबला, हात तसेच पुढे. मी पाठ केलं नव्हतं. तोंडाने आपोआप म्हटलं, मराठीतून, नेहमीच्या आवाजात, दूध संपलंय म्हणावं तसं.

“तन्मयला काहीतरी झालंय, सुबोध. त्याला दाखवायला हवं.”

मी तयार होते. तो आता वळून बसेल, का वाटतं तुला असं म्हणेल, आणि या वेळी मी उदाहरणं देणार नव्हते. तो वळला नाही. वाकलेला होता तो हळूच खाली बसला, टायचं टोक फरशीवर लोळत होतं ते त्याला कळलं नाही.

“गुरुवारची सुट्टी टाकलीय मी,” तो म्हणाला. “हॉस्पिटलची वेळ मिळालीय, सकाळची.” आणि मग, माझ्याकडे न बघता, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं सांगत गेला. मे महिन्यात आम्ही मायलेक दोघंही तापाने पडलो होतो, तेव्हा तोच तन्मयला सरकारी दवाखान्यात, पॉलिक्लिनिकला, घेऊन गेला होता. तिथल्या डॉक्टरने घसा बघितला, छाती तपासली, मग पेन ठेवून तन्मयला दोनदा नावाने हाक मारली, एकदा पुढून, एकदा मागून. आणि सुबोधला विचारलं, घरीही असंच का? तेव्हाच हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली होती. नंबर लागायला इतके महिने लागले. “तू आधीच झोपत नाहीस,” तो म्हणाला. “म्हटलं, जाऊन येईपर्यंत तरी तुला... त्यात तू ही बया घरी आणलीस. वाटलं, हिच्या नादी लागून गुरुवारच्या आत काहीतरी ऐकशील.”

म्हणजे ते हसणं, ते वर उडवणं, ते बघ हसतोय की नाही. सगळ्या पावसाळ्याभर, तिकडे सांगलीला पावसाळा असतो त्या सगळ्या महिन्यांत, हा माणूस माझ्याशेजारी जेवत होता, निजत होता, मला उदाहरणं विचारत होता, आणि त्याच्याकडे माझ्याहून जास्त होती. मला राग येईल असं वाटलं, आला नाही. किती दिवस एकच गोष्ट मी मागत होते, कुणीतरी हो म्हणावं. सुबोध खाली बसलेला, तन्मय त्याच्या लोळणाऱ्या टायची पट्टी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघत होता, त्याचा श्वास शांत चालला होता. मी उभीच होते. आता या घरात नाही म्हणणारं कुणीच उरलं नव्हतं.